सायलेन्सरला हात लावण्याआधी

मुकुटबनच्या बाजारातल्या गॅरेजवर गाडी लावणारा माणूस सहसा दोनच गोष्टी सांगतो. गाडी ॲव्हरेज देत नाही, नाहीतर गाडीला पिकअप राहिलेला नाही. अलीकडे मात्र तक्रारीसोबत इलाजही तोच सांगतो. "मिस्त्री, हा सायलेन्सर काढा अन् मोकळा बसवून द्या. इंजिनचा दम मोकळा झाला का गाडी आपोआप पळते." हे त्यानं मोबाईलवर पाहिलेलं असतं, किंवा वणीला शिकणाऱ्या पोरानं त्याच्या डोक्यात भरलेलं असतं. मिस्त्री हातातला पाना खाली ठेवतो, गाडी चालू करायला लावतो आणि काही बोलण्याआधी बेंड पाइप जिथे इंजिनला जोडलेला असतो, त्या जोडाशी जरा अंतर ठेवून तळहात धरतो.

तळहाताला गरम हवेचे झटके लागले तर निम्मं निदान तिथेच होतं. आतलं पॅकिंग गेलेलं असतं.

मिस्त्रीचं मत वर्षानुवर्षांच्या कामातून तयार झालं आहे आणि ते तो कोणापासून लपवत नाही. सायलेन्सर बदलल्यामुळे रोजच्या वापरातल्या एकाही गाडीचं ॲव्हरेज वाढलेलं त्यानं पाहिलेलं नाही. बिघडलेला सायलेन्सर दुरुस्त केल्यावर गेलेलं ॲव्हरेज परत आलेलं मात्र त्यानं पुष्कळदा पाहिलं आहे. या दोन गोष्टी एकच नाहीत, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगण्यात त्याचा बराच वेळ जातो. तो वेळ तो मनापासून देतो, कारण सायलेन्सरवर उडणारा पैसा बहुतेक वेळा मजुरीचा किंवा कापसाचा असतो.

झरी-जामणी तालुक्यातलं मुकुटबन हे मोठं बाजारगाव. आसपास वणी पट्ट्यातल्या कोळशाच्या खाणी, जवळच मार्की-मांगलीचे कोळसापट्टे, गावाशेजारी 2022 साली उत्पादन सुरू झालेला सिमेंटचा मोठा कारखाना, माजरीहून वणीमार्गे आदिलाबादकडे जाणारी रेल्वे, आणि मध्ये सगळीकडे कापसाची काळी जमीन. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण. त्यामुळे एकाच गॅरेजसमोर सकाळी कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आलेली जुनी शंभर सीसीची गाडी उभी असते, दुपारी कोळशाचा ट्रक, संध्याकाळी कुणाची नवी बुलेट. तिन्हींच्या सायलेन्सरमधून धूरच निघतो, पण त्या धुराची गोष्ट प्रत्येक गाडीत वेगळी आहे. मोबाईलवरच्या व्हिडिओत नेमकं तेवढंच सांगितलेलं नसतं.

इंजिनातून जळालेला वायू नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही. तो ठोक्याठोक्यानं बाहेर पडतो. एका सिलेंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 4500 फेरे घेत असेल, तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह सेकंदाला 37-38 वेळा उघडतो. दर वेळी दाबाचा एक ठोका पाइपात शिरतो आणि त्या तापलेल्या वायूतून सेकंदाला 500 मीटरच्या वर वेगानं पुढे जातो. पाइप जिथे एकदम रुंद होतो तिथून या ठोक्याचा काही भाग मागे फिरतो, पण फिरताना त्याचं रूप पालटतं. जाताना तो ढकलत होता, येताना ओढत येतो. ही ओढ व्हॉल्व्हपाशी योग्य क्षणी पोचली, म्हणजे एक्झॉस्ट मिटत आला आहे आणि इनलेट उघडू लागला आहे अशा वेळी, तर सिलेंडरमध्ये उरलेला धूर बाहेर खेचला जातो आणि ताजी हवा जास्त भरते. गाडीला जोर मिळतो तो या भरण्यातून.

अडचण अशी की ही वेळ फेऱ्यांच्या सगळ्या टप्प्यांत जुळू शकत नाही. पाइपची लांबी आणि जाडी एकदा ठरली की ती एका ठरावीक टप्प्याला जुळते आणि बाकी ठिकाणी थोडी चुकते. रोजच्या वापराच्या गाडीत कंपनी हा टप्पा खालच्या आणि मधल्या फेऱ्यांत ठेवते, कारण तिच्यावर दोन माणसं, सरकीचं पोतं आणि चढ असं ओझं असतं. शर्यतीच्या गाडीत तो वर ढकलतात. मोकळा, रुंद पाइप लावणारा माणूस नकळत आपल्या गाडीचा टप्पा वर नेतो, जिथे तो दिवसभरात क्वचितच जातो.

गॅरेजांमध्ये याच्या अगदी उलट एक समजूतही घट्ट बसलेली आहे. इंजिनला मागून थोडा दाब लागतोच, तो काढला की गाडी मरते, असं शिकाऊ पोरं एकमेकांना सांगतात. मिस्त्रीला हेही मान्य नाही. मागचा दाब कुठल्याच इंजिनला नको असतो, लागतो तो पाइपमधला वायूचा वेग. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की वेग पडतो, ओढ कमी होते आणि कमी फेऱ्यांवरचा जोर जातो. लोकांना गाडी सुस्त झाल्याचं जाणवतं ते खरं असतं, फक्त कारण दुसरं असतं.

आता ॲव्हरेजचं. मुकुटबनहून वणीच्या रस्त्यावर शंभर सीसीची गाडी ताशी 50 च्या वेगानं चालली असेल, तर तिला लागणारी ताकद इंजिनच्या पूर्ण ताकदीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असते. म्हणजे ॲक्सिलरेटर थोडाच पिळलेला असतो आणि कार्बोरेटरमधली थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेली असते. इंजिनचा श्वास अडतो तो या झडपेपाशी, हवा आत घेताना. त्या अवस्थेत पाइपमधून जाणारा धूरच मुळात कमी असतो, आणि कंपनीचा सायलेन्सर तो आरामात बाहेर सोडतो. जिथे अडथळाच नाही तिथे वाट मोकळी करून काय वाचणार? सायलेन्सरच्या अडथळ्याचा फरक दिसू लागतो तो थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर, सर्वात वरच्या फेऱ्यांत, आणि तिथेही तो थोडकाच असतो. गाडी तशी दिवसभर पळवणाऱ्याला ॲव्हरेजबद्दल बोलायचंच कारण नसतं.

मग मोकळ्या सायलेन्सरची गाडी चपळ का वाटते? मिस्त्रीचं उत्तर साधं आहे. वेगाचा अंदाज माणूस कानानं घेतो. आवाज मोठा झाला की तोच वेग जास्त वाटतो. शिवाय नवा आवाज ऐकायचा म्हणून हात आपोआप जास्त पिळतो, गिअर उशिरा बदलला जातो. पेट्रोल वाढतं ते पुष्कळदा इथेच, त्या मनगटात.

कारखान्यात कंत्राटावर कामाला जाणाऱ्या एका तरुणाला हे पटेना. त्यानं सायलेन्सर बदलून आणला होता आणि ॲव्हरेज वाढल्याचं तो छातीठोक सांगत होता. "मी खोटं कायले बोलू काका? टाकीत तेवढंच टाकतो अन् गाडी जास्त चालते." मिस्त्रीनं वाद घातला नाही, बाटली काढली. कार्बोरेटरच्या गाडीचं ॲव्हरेज काढायची ही जुनी रीत आहे. टाकीची नळी काढायची, 100 मिली पेट्रोल भरलेली बाटली हँडलजवळ बांधून तिची नळी कार्बोरेटरला जोडायची, मीटरचा आकडा लिहायचा आणि गाडी बंद पडेपर्यंत एकाच रस्त्यानं, एकाच वेगानं न्यायची. जितकं अंतर होईल त्याची दहापट म्हणजे लिटरचा हिशोब. एकदा नव्या सायलेन्सरवर, एकदा जुन्यावर, टायरमधली हवा सारखी, वजन सारखं, वेळही सकाळची. त्या पोराची गाडी मोकळ्या सायलेन्सरवर थोडी अलीकडेच थांबली. फरक मोठा नव्हता, पण वाढ तर नक्कीच नव्हती. पूर्वी तो कधी पन्नासचं, कधी शंभरचं पेट्रोल टाकायचा आणि काटा पाहून अंदाज बांधायचा. अशा अंदाजानं कोणाचंही ॲव्हरेज हवं तेवढं निघतं.

त्याच वेळी मिस्त्रीनं त्याचा स्पार्क प्लग उघडून दाखवला. टोक पांढरंफटक पडलं होतं. नीट जळणाऱ्या गाडीचा प्लग फिक्या तपकिरी रंगाचा असतो, पेट्रोल जास्त जात असेल तर काजळी धरून काळा होतो, आणि हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडत असेल तर पांढरा दिसतो. मोकळ्या पाइपमुळे वायूचा प्रवाह बदलला होता, पण कार्बोरेटरचा जेट जुन्याच मापाचा होता. अशी गाडी गरम होते, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह भाजू लागतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट-फट आवाज येतो. तो आवाज पुष्कळांना आवडतो. पाइपमध्ये न जळता आलेलं पेट्रोल तिथल्या गरम हवेत पेटल्याचा तो आवाज आहे, म्हणजे पैसे देऊन भरलेलं पेट्रोल चाकाला न लागता नळीत जळतं आहे.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे, आणि मुकुटबनच्या जुन्या माणसांना तो चांगला आठवतो. टू-स्ट्रोक गाड्या. 1985 साली भारतात आलेली आणि 1996 पर्यंत बनलेली यामाहा आरएक्स 100 अजूनही जपणारे लोक विदर्भात आहेत. 98 सीसीच्या त्या इंजिनातून 11 हॉर्सपॉवर निघायची. टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे उघड-मीट करणारे व्हॉल्व्ह नसतात. ताजं मिश्रण आत येतं तेव्हा धुराची वाट उघडीच असते, त्यामुळे थोडं मिश्रण धुराबरोबर सरळ बाहेर पळतं. त्याला परत आत ढकलायचं काम सायलेन्सर करतो. त्याचा पोटाळ भाग आधी हळूहळू रुंद होतो आणि मग अरुंद होतो. रुंद होताना ओढ परत येते, अरुंद होताना दाब परत येतो, आणि हा दाब पळालेलं मिश्रण सिलेंडरमध्ये कोंबतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र शर्यतीच्या गाड्यांवर परिपूर्ण केलं. त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, ते ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी 50 सीसीच्या गटात सुझुकीसाठी जगज्जेता झाला. सायलेन्सरच्या एका आकारासाठी इतकं घडलं, यावरून टू-स्ट्रोकमध्ये त्याचं मोल समजतं. तिथे सायलेन्सर हा इंजिनचाच अवयव आहे.

म्हणून आरएक्सचा सायलेन्सर कापून मोकळा करणाऱ्यांची गाडी आवाज मोठा करायची आणि ॲव्हरेज मात्र पाडायची. दुसऱ्या बाजूला, ऑइल मिसळलेलं पेट्रोल जाळणाऱ्या या गाड्यांचे सायलेन्सर कार्बननं खरोखरच चोंदायचे. आतली जाळी काढून तापवून, घासून कार्बन काढला की मेलेली गाडी पुन्हा उठायची. मिस्त्रीचं शिक्षण याच कामात झालं. त्याला वाटतं, सायलेन्सर मोकळा केला की गाडी पळते ही समजूत त्या काळातून उरलेली असावी. तेव्हा ती चोंदलेल्या टू-स्ट्रोकच्या बाबतीत खरी होती. गाड्या बदलल्या, समजूत तशीच चालत आली.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 हे धुराचे कडक निकष आले आणि काम आणखी नाजूक झालं. कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसला आणि सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि इंजिनचा छोटा कॉम्प्युटर त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो, साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल या प्रमाणाच्या आसपास. मिस्त्री ज्या पॅकिंगच्या मागे लागलेला असतो, त्याचं महत्त्व इथे कळतं. सेन्सरच्या अलीकडे बारीकशी फट असली, तर दोन ठोक्यांच्या मधल्या ओढीत बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन उरतो आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतं आहे. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. गाडीत काही बिघाड जाणवत नाही, आवाज किंचित फसफसतो, आणि ॲव्हरेज महिनाभर पडत राहतं. बाहेरून आणलेल्या सायलेन्सरचा जोड नीट बसला नाही तर हाच रोग गिऱ्हाईक विकत घेतं. त्यात काही मोकळ्या पाइपांना सेन्सरची जागाच नसते. मग तो काढून लोंबकळत ठेवलेला असतो आणि मीटरवर पिवळा दिवा जळत असतो.

बुलेटवाल्यांशी बोलताना मिस्त्रीचा आवाज जरा चढतो. त्याला ती गाडी आवडते. 350 सीसीच्या त्या इंजिनचा मूळ ठोका त्याला ऐकत राहावासा वाटतो. पण पंजाबी म्हणा, इंदोरी म्हणा, आतली जाळी काढलेले सायलेन्सर लावून चालत्या गाडीची चावी बंद-चालू करत फटाके फोडणं त्याला सहन होत नाही. चावी बंद असते तेव्हा ठिणगी पडत नाही, पण कार्बोरेटरचं इंजिन फिरत राहून पेट्रोल ओढत राहतं, आणि ते कच्चंच सायलेन्सरमध्ये साठतं. पुन्हा ठिणगी आली की तिथे स्फोट होतो. त्यानं सायलेन्सरचे पत्रे फाटतात, वेल्डिंग सुटतं. ज्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे तिथे आतलं मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचं भांडं वितळून किंवा फुटून वाट अडवतं, आणि मग गाडीचा श्वास खरंच कोंडतो.

असे फटाके फुटतात तिथे शेजारी ग्रामीण रुग्णालय असतं, अभ्यासिका असते, दुपारी झोपलेलं लेकरू असतं. 175 सीसीवरच्या मोटरसायकलला कारखान्यातून निघताना 80 डेसिबलची मर्यादा आहे, 80 ते 175 सीसीला 77 ची. डेसिबलमध्ये 10 ची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे आणि प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्याला कलम 190(2) खाली पहिल्याच गुन्ह्याला 10 हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स जाणं एवढी तरतूद आहे. गाडीत परवानगीशिवाय फेरफार करणाऱ्या मालकाला कलम 182-अ खाली प्रत्येक फेरफारामागे 5 हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये, कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या येत असतात. हे सगळं मिस्त्री सांगतो, पण कायद्याच्या आधी रुग्णालयाचं नाव घेतो.

ट्रकची गोष्ट निराळी आणि पैशानं फार मोठी. कोळसा किंवा क्लिंकर वाहणाऱ्या ट्रकचं ॲव्हरेज लिटरला काही किलोमीटरच असतं, त्यामुळे थोडीशी घट झाली तरी मालकाच्या महिन्याच्या हिशोबात ती ठळक दिसते. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात धूर आधी टर्बोचा पंखा फिरवतो, तो पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. इंजिन आणि टर्बो यांच्यामधल्या जोडातून धूर गळू लागला तर पंख्याला जोर मिळत नाही, हवा कमी भरते, डिझेल तेवढंच पडतं आणि चढावर काळा धूर निघतो. उस्ताद, म्हणजे ड्रायव्हर, म्हणतो, डिझेलचा पंप बिघडला. मिस्त्री आधी जोडावर काजळीचा ओघळ शोधतो. पंप उघडण्याचा खर्च आणि एका पॅकिंगचा खर्च यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दुसरी जागा एक्झॉस्ट ब्रेकची. उतारावर वेग आवरायला ट्रकच्या धुराच्या पाइपमध्ये एक झडप असते. ड्रायव्हरनं बटण दाबलं की ती मिटते, धूर कोंडतो आणि इंजिनच गाडीला रोखून धरतं. या भागातली धूळ आणि पावसाळ्यातला चिखल यांनी झडपेचा दांडा गंजतो आणि झडप पूर्ण उघडेनाशी होते. मग ट्रक अर्धवट ब्रेक लावून चालल्यासारखा चालतो. अशा गाडीचा सायलेन्सर बदलून घेणारे मालक मिस्त्रीनं पाहिले आहेत. दांडा सोडवून, ग्रीस लावून, स्प्रिंग बदलली की काम होतं.

बीएस-6 ट्रकमध्ये सायलेन्सरच्या जागी एक छोटा रासायनिक कारखानाच आहे. काजळी अडवणारा फिल्टर, आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मोडायला द्रवाची फवारणी. ड्रायव्हर त्या द्रवाला युरिया म्हणतात. शुद्ध पाण्यात 32.5 टक्के युरिया असं त्याचं प्रमाण आहे. काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करतो तो 550-600 अंशांच्या तापमानात काजळी जाळून. पण खाणीच्या वजनकाट्यावर ट्रक तासन् तास रांगेत उभे असतात, इंजिन चालू, धूर थंड. फिल्टर भरत जातो, कोंडलेला धूर इंजिनवर उलटा दाब देतो आणि डिझेल वाढतं. इथे एक्झॉस्टचा दाब हा खरा, मोजता येणारा दोष असतो. त्यावरचा उपाय म्हणजे रांगेत इंजिन बंद करणं, आणि फिल्टरचा दिवा लागला की गाडी मोकळ्या रस्त्यावर लोडवर चालवून फिल्टर जळू देणं. काही जण मात्र फिल्टर पोकळ करून घेतात किंवा युरियाच्या यंत्रणेला फसवणारा डबा बसवतात. मिस्त्री ते काम घेत नाही. हे ट्रक ज्या रस्त्यानं जातात त्याच्या कडेला त्याची स्वतःची माणसं राहतात, आणि कोळशाच्या धुळीनं त्यांचे खोकले आधीच वाढलेले आहेत.

शेतातला युरिया पाण्यात कालवून ट्रकच्या युरियाच्या टाकीत ओतायचा विचार इथे कोणाच्याही मनात सहज येऊ शकतो, गोणी घरातच असते. 2015 पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या खताच्या युरियावर कडुलिंबाच्या तेलाचा लेप बंधनकारक आहे. ते तेल आणि खतातली बाकीची अशुद्धी महागड्या कॅटॅलिस्टवर बसते आणि तो निकामी होतो. पिकाचं खत पिकालाच द्यावं.

ट्रॅक्टरबद्दल तो एकच गोष्ट बजावतो. कापसाच्या हंगामात ट्रॉलीत मोकळा कापूस भरलेला असताना सायलेन्सर काढून नुसती नळी लावलेला ट्रॅक्टर पुढे जोडू नये. इंजिनातून उडणारा कार्बनचा तांबडा कण सायलेन्सरमध्ये विझतो, मोकळ्या नळीतून तो जिवंत बाहेर येतो. वर्षाचं पीक त्याच्या मागे असतं.

राहता राहिली रोजची दुचाकी, आणि तिच्या पडलेल्या ॲव्हरेजचं मुकुटबनमधलं नेहमीचं कारण. ते गाडीच्या मागच्या टोकाला नसतं, पुढे असतं. कोळशाची आणि सिमेंटची वाहतूक जिथे दिवसरात्र चालते तिथे एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरपेक्षा फार लवकर भरतो. कार्बोरेटरच्या गाडीत हवा अडली की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, प्लग काळा होतो, सायलेन्सरमध्ये काजळी साठते. गिऱ्हाईक काळं झालेलं सायलेन्सरचं तोंड पाहतं आणि त्यालाच दोष देतं. फिल्टर झटकला किंवा बदलला, टॅपेट नीट केलं, चेनला तेल दिलं, टायरमध्ये हवा भरली, चिकटलेला मागचा ब्रेक सैल केला, की गेलेलं ॲव्हरेज बहुतेक परत येतं. समजा एखादा माणूस रोज 40 किलोमीटर ये-जा करतो आणि गाडी 60 ऐवजी 55 देते. महिन्याच्या 25 दिवसांत साधारण दीड लिटर पेट्रोल जास्त जातं, वर्षाला 18 लिटर. मजुरीच्या घरात ही रक्कम लहान नाही, आणि ती वाचवायला लागणारं सामान गावातल्या दुकानात मिळतं.

मूळ सायलेन्सर काढायचाच असं कोणी ठरवलं असेल, तर मिस्त्रीची त्याला एक कळकळीची विनंती असते. काढलेला सायलेन्सर दुकानात बदल्यात सोडू नका, भंगारात देऊ नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. काही वर्षांपूर्वी उभ्या ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले ते याच धातूंसाठी. पीयूसीला, पासिंगला, गाडी विकताना तोच सायलेन्सर लागतो, आणि नवा घ्यायला गेलं तर किंमत ऐकून माणूस परत येतो. तुमच्या गाडीचं ॲव्हरेज पडलं असेल तर आधी बेंड पाइपचं पॅकिंग आणि एअर फिल्टर तपासून घ्या, महिनाभर टाकी फुल ते टाकी फुल अशी नोंद वहीत ठेवा, आणि ती वही घेऊन तुमच्या मिस्त्रीकडे जा.